रविवारची गिरणी

८ एप्रिल १९९७, मंगळवार. गुढीपाडवा

नवी डायरी उघडायची तर रीतीप्रमाणे नावगाव लिहावं. मी जयवंतराव शिर्के, मुक्काम बडोदे, छाणी जकातनाक्यामागची सोसायटी. पणजोबा सरकारी पागेत, आजोबा फौजेत, वडील पोलिसात. मी मात्र गोरव्याच्या एका कारखान्यात प्रेशर गेज बनवत होतो. म्हणजे परवापरवापर्यंत. कारखान्याने डिसेंबरात ही डायरी वाटली, वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव, आणि मार्चअखेर दाराला कुलूप ठोकलं. बाहेरदेशचे गेज म्हणे स्वस्तही पडतात आणि दिसतातही देखणे. उभा जन्म आम्ही काटे बसवण्यात घालवला, शेवटी आमचाच काटा काढला.

असो. सणासुदीला रडगाणं नको. शालिनीने श्रीखंड केलं होतं, दोनदा मागून घेतलं. जेवून पाठ टेकली तर म्हणते, आता रोज दुपारी हेच का? आणि झोपायचं तर आतल्या खोलीत झोपा, टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. माझ्या झोपण्याचा आणि टीव्हीच्या आवाजाचा काय संबंध, ते विचारायचं राहून गेलं.

अंगात रग आहे अजून, हात चालतो, आणि सकाळी उठून जायला ठिकाण नाही. हे शालिनीला बोललो नाही. इथे लिहितो.

१३ एप्रिल, रविवार

आमचं एकुलतं एक रत्न शिवांगी, युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतं. काल हे रत्न रिक्षातून माशांच्या मुंड्यांची बादली घेऊन घरी आलं, कारण लॅबला सुट्टी होती. आपली सोसायटी सगळी वैष्णवांची. शेजारच्या मंजुळाबेन जिन्यातच, ‘शेनो वास आवे छे?’ शालिनी तोंडावरची रेषा न हलवता म्हणाली, गटर भरायी छे. बाई वेळेला भारी.

मी नाकाला रुमाल लावून बघत होतो. माशाच्या कानात खडा असतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. शिवांगीने मुंडी फोडून चिमट्याने पांढरा, तांदळापेक्षा बराच मोठा खडा काढला, घासला आणि भिंगाखाली दाखवला. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात वर्षावर्षाची वर्तुळं. ही घोळ होती, आणि वय फक्त दोन वर्षं. अजून अंडीसुद्धा घातली नव्हती बिचारीने. पूर्वी दोन माणसांनी बांबूवर टांगून न्याव्या लागतील एवढ्या घोळी खंभातच्या आखातात मिळायच्या. आता ही पोरसवदा. कारण तिच्या पोटातली हवेची पिशवी, कोळी जिला भोत म्हणतात. वाळवून सिंगापूर-हाँगकाँगकडे जाते आणि सोन्यासारखी विकली जाते.

गंमत म्हणजे याच पिशवीवर नर घोळ ढोल वाजवते. पोटाचे स्नायू त्या पिशवीवर थडथड आपटतात आणि पाण्यात आवाज घुमतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या घोळी एका ठरावीक जागी जमतात, नर वाजवतात, माद्या येतात. शिवांगीचा संशय असा की जंबुसरच्या पुढच्या कालीखाडीच्या मुखाशी असा एक मेळा अजून उरलाय. पण आवाज टेप केल्याशिवाय कुणी मानणार नाही, आणि पाण्याखालचा माइक परदेशातून मागवावा लागतो. तेवढी ग्रँट नाही.

इथे माझे कान टवकारले. पुढे ती बरंच काही सांगत होती, ती जागा कुणाला कळली तर काय होईल वगैरे. पण माझं डोकं तोवर माइकमध्ये शिरलं होतं.

१९ एप्रिल, शनिवार

मंजुळाबेनच्या जुन्या कॉलबेलमधली पितळी चकती. आपल्या मर्फी रेडिओचा ॲम्प्लिफायर. शिवांगीच्या वॉकमनचे हेडफोन. चकतीभोवती एरंडेल, कारण हवेपेक्षा तेलातून पाण्याचा आवाज चांगला पोचतो. एरंडेल शालिनीने मोजून दिलं, जसं काही मी पिणार होतो.

अडलं ते वरच्या आवरणावर. पातळ रबर हवं, मजबूत हवं, शिवण नको. फुगे फाटले. सायकलची ट्यूब जाड पडली. मग सकाळी दाढी करताना एकदम कुटुंबनियोजनाच्या सरकारी जाहिरातीतला तो उलटा लाल त्रिकोण डोळ्यांसमोर आला. वस्तू अगदी जशी हवी तशी. पण आणायची कशी? छाणी रोडचे दोन्ही केमिस्ट मला नावाने ओळखतात.

स्कूटर काढून थेट गोरव्याला गेलो. दुकान रिकामं होईपर्यंत पंचांग बघत उभा राहिलो. हळूच सांगितलं तर तो शहाणा आत ओरडून विचारतो, काका माटे लाल त्रिकोण, नानुं के मोटुं पॅकेट? आणि पाठीमागून आवाज आला, ‘काय जयवंतराव.’

श्रीपतराव मोहिते. शाळेपासूनचा मित्र, खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. एकदा पॅकेटकडे बघितलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे. मी म्हटलं, अरे हे माशांसाठी आहे. ते ऐकून त्याला खरोखरच खोकला आला. मग भर दुकानात मी माइक, एरंडेल, घोळीचा ढोल, सगळं पहिल्यापासून सांगितलं. जितकं सांगावं तितका तो हसे. पण आवाजावरून घोळीचा ठावठिकाणा लागतो असं म्हणालो तेव्हा हसायचा थांबला. दोनदा विचारलं, नक्की? घोळच? पटलं बुवा एकदाचं. अब्रू वाचली.

२७ एप्रिल, रविवार

मशीन तयार. नाव ठेवलं ‘शिर्के जलश्रवण यंत्र’. शिवांगी म्हणाली, नाव बदला. बघू.

आज चाचणी. व्हरांड्यात माझ्या खाटेशेजारी पाण्याचं पिंप आहे, त्यात माइक सोडला, टेप चालू केली आणि म्हटलं पाच मिनिटं पाठ टेकावी. जाग आली ती चहाच्या वासाने. टेप लावून बघितली आणि थक्क झालो. कॅसेटची अख्खी बाजू भरून एक दणदणीत आवाज. घर्रर्र करत चढतो, वर जरा अडकतो, मग फुस्स करून उतरतो, पुन्हा घर्रर्र. आपल्या कानाला असं काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे जमिनीतून पिंपात आणि पिंपातून पाण्यात येणारी कंपनं यंत्राने पकडली. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिचीच असणार.

शालिनी आणि शिवांगी दोघींनी ऐकलं. शिवांगी उठून आत गेली. शालिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकी हसली. म्हणते, गिरणी रविवारी बंद असते. असेल बुवा दुसरी एखादी. कॅसेटवर ‘गिरणी’ लिहून ठेवून दिली.

३ मे, शनिवार

श्रीपतरावचा मुलगा समरजित आला होता. उंचापुरा, स्वच्छ, आल्याआल्या वाकून नमस्कार केला. हातात मोबाइल. एक्स्पोर्टचा धंदा आहे, कसल्याशा वाळवलेल्या मालाचा, वेरावळला गोडाऊन. मर्फीची उघडी आतडी बघून म्हणाला, ‘काका, तुमच्या हातात जादू आहे.’ इतक्या वर्षांत फोरमनने असं कधी म्हटलं नव्हतं. मी सगळं यंत्र उलगडून दाखवलं. शिवांगी घरी नव्हती, तरी तिच्याबद्दल बारीक चौकशी करत होता. कुठे जाते, समुद्रावर कधी जाते, पुन्हा कधी जाणार.

तो गेल्यावर शालिनी माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. न बोलता एकमेकांना कळलं.

११ मे, रविवार

समरजित तिसऱ्यांदा आला. आज भाकरवडीचा पुडा घेऊन. पुन्हा तेच, शिवांगीचं काम कसं चाललंय, कुठल्या बाजूला जायचं ठरलंय. म्हटलं, मुलगा मनापासून गुंतलाय. मराठा, आपल्यातला, बापाला आपण ओळखतो, बडोद्यातलाच. आणि मुलीच्या माशांचा वास ज्याला चालेल असा नवरा पुन्हा कुठे मिळणार? हे शालिनीचं म्हणणं, मी फक्त लिहितो.

शिवाय त्याने यंत्राची ऑर्डर दिली. आधी एक, मग दहा. मी शब्द दिला. गोरव्यात जुन्या कारखान्यासमोर एक शेड भाड्याने आहे. ‘शिर्के इन्स्ट्रुमेंट्स’ अशी पाटी कशी दिसेल ते वर्तमानपत्राच्या कडेला काढून बघितलं. बरी दिसते.

१६ मे, शुक्रवार

काल कालीखाडीला जाऊन आलो. एसटीने जंबुसर, तिथून छकडा रिक्षात दाटीवाटीने. कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी आणि उन्हात वाळत घातलेली जाळी. शिवांगीच्या ओळखीचा रणछोड माछी, त्याची होडी. आखातात भरतीचा जोर इतका की उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या खळखळाटात दुसरं काही ऐकूच येत नाही. म्हणून भांगेची, कमी जोराची भरती बघून गेलो. संध्याकाळी पाणी चढायचं थांबतं आणि उतरायला लागत नाही, तेवढा वेळ आपला.

रणछोडने सांगितलं, त्याचा बाप वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्याला कान लावायचा आणि मासा कुठे आहे सांगायचा. मी म्हटलं, मग तूच लाव की कान. तर म्हणतो, साहेब, इंजिन घेतल्यापासून आम्हा सगळ्यांचे कान गेले. बायको काय बोलते तेही ऐकू येत नाही, सुखात आहे.

मुखाच्या उत्तरेला, एका जुन्या बुडालेल्या धक्क्याजवळ, माइक सोडला. आधी नुसती खरखर. मग सूर्य टेकला आणि सुरू झालं. एक. मग दुसऱ्या बाजूने एक. मग सगळीकडून. रिकाम्या डब्यावर बोटं मारावीत तसा, खोल, थांबून थांबून, पण शेकडो. मी हेडफोन गच्च धरून बसलो होतो. खाली गढूळ काळं पाणी, वरून काहीसुद्धा दिसत नाही, आणि आत ही अख्खी वरात. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखाही वाटला. कुठे, ते आठवेना.

शिवांगीने माझा हात धरला. म्हणाली, ‘बाबा, या एवढ्याच उरल्यात. दहा जूनला होड्या पावसाळ्यासाठी किनाऱ्याला लागल्या की सुटल्या. तोवर कुणाला कळायला नको.’ मी म्हटलं, माझ्याकडून? शक्यच नाही.

१८ मे, रविवार

समरजित आला होता. घोळीचा आवाज ऐकल्याचं सांगितलं तेव्हा त्याचे डोळे असे चमकले की शालिनी आतून बघत होती तिलाही समजलं. शिवांगीला टेप मिळाल्याचा त्याला एवढा आनंद. बोलता बोलता मी कालीखाडी म्हणून गेलो. घरचाच मुलगा, त्यात काय.

येत्या रविवारी संध्याकाळी वडिलांना घेऊन येतो म्हणाला, ‘पक्कं बोलायला’. शालिनीने लगेच चांदीची ताटं पुसायला काढली. शिवांगीला आत्ताच सांगायचं नाही, नाहीतर ती समुद्रावर पळून जाईल.

२५ मे, रविवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

पोहे, सुरळीच्या वड्या, पेढे. शालिनीने पैठणी नेसली, मला कोट घालायला लावला, मे महिन्यात. श्रीपतराव आणि समरजित बरोबर वेळेवर आले. पोहे झाले, पाऊस केव्हा येणार झालं, क्रिकेट झालं. शिवांगी लॅबमधून यायची होती. शेवटी शालिनीला राहवेना. म्हणाली, मग पुढचं कसं करायचं म्हणता?

समरजितने मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, वेळ थोडा आहे काकू, होड्या दहा तारखेला बंद होतात. दोन मोठ्या होड्या वेरावळहून बोलावल्यात. येत्या शुक्रवारी काका यंत्र घेऊन बरोबर येतील, कालीखाडीत मेळा नेमका कुठे आहे ते दाखवतील, एका फेरीत सगळा माल वर. नंतर प्रत्येक होडीवर एक यंत्र. भोताला सध्या असा भाव आहे की दोन्ही घरांचं कल्याण होईल.

शालिनीने मला विचारलं, आणि मुलीचं?

श्रीपतराव म्हणाला, ‘कोणती मुलगी?’

  समरजितचं लग्न दिवाळीनंतर सुरतेच्या एका मुलीशी ठरलंय, हेही तेव्हाच कळलं. नेमकी त्याच वेळी शिवांगी आत आली, अंगाला फॉर्मलीनचा वास, हातात डबी. पैठणी बघितली, कोट बघितला, पेढे बघितले. समरजितने मोठ्या आदराने विचारलं, कालीखाडीच्या उत्तरेला की दक्षिणेला हो? तिने माझ्याकडे बघितलं.

ते गेल्यावर तिने डबीतला कानातला खडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मोठा, सुपारीएवढा, पिवळा पडलेला. बापूजी नावाच्या कुणा म्हाताऱ्या कोळ्याने जपून ठेवलेला, पूर्वीच्या घोळीचा. ‘बाबा, अशी घोळ आता त्या एका जागेशिवाय कुठे नाही,’ म्हणाली आणि आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मुलगा माझ्या मुलीसाठी येतो असं मी समजत होतो, आणि तो येत होता माशासाठी. आणि जागा मी सांगितली, पेढ्याच्या आशेने. घास उतरला नाही. शालिनीलाही नाही, पण ती पोहे झाकून ठेवताना म्हणाली, सुरळीच्या वड्या मात्र त्यांनी सगळ्या खाल्ल्या.

२७ मे, मंगळवार

आज सकाळी मी शिवांगीसमोर जाऊन बसलो. म्हटलं, चुकलो. शब्द दिलाय म्हणून यंत्र द्यावं लागेल, शुक्रवारी जावंही लागेल, शिर्के शब्द मोडत नाहीत. पण तुझा मेळा सापडू द्यायचा नाही. कसं करायचं ते सांग.

ती म्हणाली, खाडीचं मुख रुंद आहे, दक्षिणेकडे नुसता चिखल आणि काटेरी शिंगाळे मासे. तिकडे नेता येईल. पण आवाज आल्याशिवाय तो जाळी टाकणार नाही, आणि आवाज आला नाही तर उत्तरेला जाऊन शोधेल.

मी म्हटलं, कालीखाडीची आपली टेप हळूच वाजवू. ती एकदम नाही म्हणाली. खरा आवाज एकदा त्याच्या कानात बसला तर तो कुठेही ओळखेल, वेरावळला, जाफराबादला, सगळीकडे. म्हणजे आपणच शिकवलं.

मग घोळीसारखा वाटेल पण घोळीचा नसेल असा आवाज आणायचा कुठून? आम्ही तिघं चहा घेत विचार करत बसलो. शालिनी कप खाली ठेवत सहज म्हणाली, ‘अहो, ती तुमची गिरणी आहे की.’ शिवांगीला ठसका लागला. मी कॅसेट काढून पुन्हा ऐकली. खरंच, पाण्यातल्या पाण्यात अगदी जिवंत वाटते. असा आवाज करणारं जनावर समुद्रात असेल असं कुणालाही पटावं.

दोघी बराच वेळ हसत होत्या. गिरणीत हसण्यासारखं काय आहे, त्यांनाच ठाऊक. पण घरात हसणं परत आलं, मी काही विचारलं नाही.

३१ मे, शनिवार

काल मोहीम फत्ते झाली. पणजोबांना सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

रणछोडच्या होडीत मी, समरजित आणि रणछोड. मागे वेरावळच्या दोन धिप्पाड होड्या. रणछोडला सगळं सांगून ठेवलं होतं. बाहेरच्या होड्या आपल्या खाडीत आलेल्या त्यालाही नकोच होत्या. त्याने सरळ दक्षिणेला नेलं. समरजितने पांढरी पँट घातली होती, काय सांगावं.

मी माइक पाण्यात सोडला. हेडफोन समरजितच्या कानाला. टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर, टॉवेलखाली, आणि हेडफोनची वायर गुपचूप त्यालाच जोडलेली. सूर्य टेकला तसं मी बटण दाबलं. एक शब्द बोललो नाही, हे देवाला ठाऊक. फक्त बटण दाबलं.

समरजितने आधी भुवया चढवल्या. मग डोळे मिटले. मग माझा गुडघा धरला. ‘काका, केवढी मोठी असेल ही,’ म्हणाला. मी मान हलवली. रणछोडने तोंड फिरवून समुद्राकडे बघितलं, त्याचे खांदे हलत होते. समरजितने मोबाइल काढला, तिथे कसलं आलंय नेटवर्क, मग शर्ट काढून हवेत फिरवला. दोन्ही होड्या पुढे आल्या आणि जाळी पडली.

वर आलं ते असं. शिंगाळे, त्यांचे काटे दोघा खलाशांच्या हातांत घुसले. चिखल. एक प्लास्टिकची बादली, बिनकडीची. एका पायाची चप्पल. पुन्हा जाळी टाकली. पुन्हा शिंगाळे आणि दुसऱ्या पायाची चप्पल, पण जोडीची नाही. समरजितने पुन्हा ऐकलं, गिरणी जोरात. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा जाळं चिखलात रुतलेल्या कुठल्याशा लाकडात अडकून फाटलं आणि वेरावळचा तांडेल अशा भाषेत बोलला की मी लिहीत नाही.

परतताना समरजित चिखल झटकत होता. पांढरी पँट राहिली नव्हती. मला वाईट वाटलं, पोरगा वाईट नाही, धंदा त्याचा असा. किनाऱ्याला लागल्यावर मी यंत्र त्याच्या हातात दिलं. शब्द दिला होता, पाळला. वर आवाज ओळखायला म्हणून गिरणीची कॅसेटही दिली. तो म्हणाला, काका, उरलेली दहा? म्हटलं, आता बारीक काम होत नाही रे, हात थरथरतात. एवढं एकच खोटं बोललो. घरी येऊन वर्तमानपत्राच्या कडेची ती पाटी पुन्हा बघितली आणि पान रद्दीत टाकलं. जरा लागलं.

१० जून, मंगळवार

रणछोडचा जंबुसरहून फोन. सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या. खाडीत कुणी नाही.

दुपारी समरजितचाही आला, जाफराबादहून. तिथेही आठवडाभर यंत्र लावून बसला, आवाज काही मिळाला नाही. कॅसेट रोज ऐकतो म्हणे, आता झोपेतही ऐकू येते. म्हटलं, धीर धर, असा आवाज नशिबाने ऐकायला मिळतो. शालिनी शेजारी भाजी निवडत होती, ती उठून गेली.

१४ जून, शनिवार

काल शिवांगीच्या सरांनी घरी येऊन टेप ऐकली. ते मत्स्य खात्याला लिहिणार आहेत, कालीखाडीचं मुख मेळ्याच्या दिवसांत मोकळं ठेवा म्हणून. मानतील न मानतील. पण त्यांना आणखी दोन यंत्रं हवीत, दुसऱ्या खाड्यांत ऐकायला. मी म्हटलं, हात थरथरत नाहीत, सोमवारपासून लागतो.

आज शालिनीला घेऊन तिघं कालीखाडीला गेलो. पाऊस अजून लांब आहे, पण वारा फिरलाय. समुद्रात जायचं नव्हतं, रणछोडला बरोबर घेऊन बुडालेल्या धक्क्याच्या पाण्याबाहेर उरलेल्या टोकावरून लांब वायरीने माइक सोडला. शालिनीने डबे आणले होते, थेपले आणि कैरीची चटणी. सूर्य टेकला आणि खाली वरात सुरू झाली, महिन्यापूर्वीपेक्षाही दाट. सगळ्या आहेत. शिवांगीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहान होती तेव्हा ठेवायची तसं.

मग हेडफोन शालिनीला दिले. शिवांगीने समजावून सांगितलं, हे सगळे नर, आई. हे वाजवतात आणि माद्या आवाज ऐकून लांबून येतात.

शालिनीने बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हे तर मी लग्न झाल्यापासून रोज ऐकतेय.’

मी म्हटलं, काय ऐकतेस?

रणछोड मान खाली घालून दोरी गुंडाळत होता. मला पिंप आठवलं. पिंपाशेजारची खाट आठवली. टीव्हीचा आवाज ऐकू न येणं आठवलं. म्हटलं, म्हणजे ती गिरणी...

‘बाबा,’ शिवांगी म्हणाली, ‘रविवारी गिरणी बंद असते.’

म्हणजे तो पोरगा माझं घोरणं घेऊन समुद्र पालथा घालतोय. मी हसायला लागलो ते थांबेना, थेपल्याचा घास नाकात गेला, शिवांगी पाठ थोपटायला लागली. शालिनी म्हणाली, येत्या शुक्रवारी वटपौर्णिमा, वडाला सात जन्मांचं मागणं करायचं, यंदा विचार करावा लागेल. म्हटलं, कर बाई विचार. आजपासून आतल्या खोलीत झोपतो, कबूल.

तिने हात वर करून मला थांबवलं. हेडफोन अजून तिच्याच कानाला होते आणि डोळे पाण्याकडे.

‘जरा गप्प बसा हो,’ म्हणाली. ‘ऐकू द्या.’

मग अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो.